‘हिनेनी’ : एका गीतसंग्रहाचा अर्थ

ता. २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं लेनर्ड कोहेन या कॅनडांतील कवि-गायकाचा ‘यू वॉन्ट इट डार्कर’ या नांवाचा नऊ गीतांचा संग्रह, किंवा रूढ शब्दांत सांगावयाचें तर ‘अल्बम’, प्रसिद्ध झाला. आणि त्यानंतर सतरा दिवसांनीं, ७ नोव्हेंबरला, लॉस एंजेलिस येथें त्यांचें देहावसान झालें. त्या वेळीं त्यांचें वय ब्यायशीं वर्षांचें होतें. गीतें आणि मृत्यु यांची अशी गांठ पडल्यावर जें व्हावयाचें तेंच झालें. हीं नऊ गीतें म्हणजे एका वृद्ध कवीचें मृत्युपत्र होय, अशी समजूत सर्वत्र रूढ झाली. उलट, मरणाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसानें देवाला उद्देशून इतके कठोर शब्द काढावे काय, असें वाटून एखादा श्रद्धाळु श्रोता अस्वस्थ झाला तर त्यालाहि दोष देतां येत नाहीं. एकाला या गीतांत शरणागति दिसते, दुसऱ्याला देवनिंदा. माझें म्हणणें असें कीं, हे दोन्ही अर्थ घाईनें काढलेले आहेत. या गीतांतील धार्मिक शब्द शोभेसाठीं आलेले नाहींत. प्रत्येक शब्दाला स्वतःचें घराणें आहे, आणि तें ठाऊक झालें म्हणजे गीत निराळें ऐकूं येऊं लागतें.

प्रथम कवीविषयीं थोडेंसें. कोहेन यांचा जन्म २१ सप्टेंबर १९३४ रोजीं मॉन्ट्रियलच्या वेस्टमाउंट भागांत एका सुखवस्तु यहुदी कुटुंबांत झाला. ‘कोहेन’ या हिब्रू शब्दाचा अर्थच पुरोहित. प्राचीन जेरुसलेमच्या मंदिरांतील यज्ञकर्म ज्यांच्याकडे असे त्या वंशाचें हें नांव. त्यांचे पणजोबा व आजोबा हे दोघेहि मॉन्ट्रियलच्या ‘शआर हशोमायिम’ या सभास्थानाचे अध्यक्ष होते. या नांवाचा अर्थ ‘स्वर्गद्वार’. आईचे वडील तालमूदचे व्युत्पन्न पंडित होते. वडील मात्र १९४४ सालीं वारले, तेव्हां लेनर्ड नऊ वर्षांचे होते. हा नऊचा आंकडा श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे. १९५६ सालीं पहिला काव्यसंग्रह, १९६७ सालीं पहिली ध्वनिमुद्रिका, आणि मग जवळजवळ पन्नास वर्षांची गायनाची कारकीर्द, हा पुढील वृत्तान्त बहुतेकांस माहीत आहे.

२०१६ च्या संग्रहाच्या वेळीं मणक्यांच्या अस्थिभंगामुळें त्यांना घराबाहेर पडणेंहि कठीण झालें होतें. घरींच एका खास खुर्चींत बसून त्यांनीं हीं गीतें ध्वनिग्राहकासमोर म्हटलीं. गायिलीं असें मी मुद्दाम म्हणत नाहीं. त्या वयांत त्यांचा आवाज खर्जांत इतका खोल गेला होता कीं, गाणें आणि बोलणें यांतील अंतर राहिलें नव्हतें. निर्मितीची मुख्य जबाबदारी त्यांचे चिरंजीव ॲडम कोहेन यांनीं उचलली. साथीला बोलाविला तो शआर हशोमायिमचाच पुरुषवृंद, आणि त्या सभेचे हझान, म्हणजे प्रार्थना गाणारे अधिकारी, गिडियन झेलरमायर. ज्या सभास्थानांत आजोबा-पणजोबांनीं अध्यक्षपद भूषविलें, तेथलाच स्वर पहिल्या गीतांत कवीच्या शब्दांच्याहि आधीं आपल्या कानीं पडतो.

शीर्षकगीताच्या नांवाचा सरळ अर्थ ‘तुला हें याहून काळोखें हवें आहे’ असा आहे. वाक्य प्रश्नार्थक नाहीं, विधानार्थक आहे. यहुदी धर्मग्रंथाच्या आरंभीं ईश्वर प्रकाश उत्पन्न करतो. ज्याची पहिली आज्ञा प्रकाशासाठीं झाली त्यालाच कवि सांगत आहे कीं, तुझी आतांची इच्छा उलट दिसते. सृष्टीची कथा जणूं मागें फिरविली आहे. जगांत एवढें दुःख आहे, आणि जगाचा कर्ता दयाळु व सर्वशक्तिमान आहे असें म्हणतात. तर मग हें दुःख कोणाच्या इच्छेनें आहे? हा प्रश्न ईयोबाच्या कथेइतका जुना आहे, आणि कोहेन यांनीं त्याला नवें उत्तर दिलेलें नाहीं. नवी आहे ती मांडणी.

देवाला पत्ते वांटणारा, रोगहर्ता आणि वैभवाचा धनी अशा तीन रूपांत कल्पून, प्रत्येक रूपापुढें माणसाच्या वांट्याला काय येतें याचा हिशेब कवि आरंभींच मांडतो, आणि प्रत्येक वेळीं बाकी माणसाच्या अंगावर निघते. त्यानंतर ‘कद्दीश’ची आठवण करून देणारे शब्द येतात. कद्दीश ही मृतासाठीं म्हणावयाची, मुख्यतः अरामी भाषेंतील प्रार्थना; कोंकणांतून मुंबईस आलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल लोकांतहि ती म्हटली जाते. तिची विशेष गोष्ट ही कीं, मृतासाठीं असूनहि तिच्यांत मृत्यूचें नांव नाहीं. आहे ती केवळ ईश्वराच्या नामाची थोरवी. ज्याचें माणूस गेलें त्यानेंच दहा जणांच्या समक्ष उभें राहून ही स्तुति करावयाची, असा परिपाठ आहे. या स्तुतीला अगदीं लागून कोहेन यांनीं विटंबना झालेल्या मानवी देहाचें चित्र ठेवलें आहे. ख्रिस्ती श्रोत्याला तेथें क्रूस दिसेल, आणि तो चुकला असें मी म्हणणार नाहीं. परंतु पुढें रांगेंत उभे केलेले कैदी आणि नेम धरणारे पहारेकरी येतात, तेव्हां विसाव्या शतकांतील यहुद्यांचा संहार डोळ्यांपुढें आल्याशिवाय राहत नाहीं. कधींच न आलेल्या साहाय्यासाठीं जळणाऱ्या असंख्य मेणबत्त्यांचाहि उल्लेख आहे. यहुदी घरांत मृताच्या वर्षदिनीं ज्योत लावण्याची चाल आहे. त्या ज्योति आणि या मेणबत्त्या मला एकच वाटतात.

येथपर्यंत हें सरळ आरोपपत्र आहे. पण ज्योत विझवितो कोण? इच्छा ‘तुझी’ असें म्हणून कवि कृति मात्र ‘आमची’ म्हणून सांगतो. या एका सर्वनामावर सर्व गीत तोललेलें आहे. काळोख देवाला हवा असेल. दिवा आम्हीं मालविला. आरोपीच्या पिंजऱ्यांत एकट्या देवाला उभें करून माणूस मोकळा झालेला नाहीं. ‘तूं’ कोण, याविषयींहि एकमत होणें अवघड आहे. कोहेन यांची ख्याति जन्मभर उदास गाण्यांचा कवि म्हणून. तेव्हां ‘आणखी काळोखें हवें ना?’ हा गिऱ्हाइकाला मारलेला टोमणाहि असूं शकेल. ते मोठे विनोदी गृहस्थ होते, हें विसरूं नये. पण टोमण्यासाठीं कोणी कद्दीशचे शब्द आणीत नाहीं. मुख्य अर्थ देवाकडेच जातो.

या ‘तूं’ आणि ‘आम्ही’च्या प्रश्नाशीं आपल्या मुंबईचाहि थोडा संबंध आहे. कॅलिफोर्नियांतील माउंट बाल्डी येथें क्योझान जोशू सासाकी या झेन गुरूंच्या मठांत कोहेन कांहीं वर्षें राहिले होते. १९९६ सालीं त्यांनीं भिक्षूची दीक्षाहि घेतली. तो मठ सोडून १९९९ सालीं ते मुंबईस आले ते रमेश बाळसेकर यांचीं प्रवचनें ऐकण्यासाठीं. बाळसेकर हे बँक ऑफ इंडियाचे निवृत्त मुख्याधिकारी; घरींच सकाळीं जिज्ञासूंशीं बोलत. त्यांचे गुरु निसर्गदत्त महाराज. महाराजांचें विड्यांचें दुकान होतें, खेतवाडींतील आपल्या घरीं ते मराठींत निरूपण करीत, आणि परदेशी श्रोत्यांसाठीं तें इंग्रजींत सांगणाऱ्यांपैकीं एक बाळसेकर होते. स्वतः बाळसेकरांच्या शिकवणीचा गाभा एका वाक्यांत सांगतां येतो : घटना घडतात, कर्मेंहि होतात, पण स्वतंत्र कर्ता असा कोणी नाहीं. त्या सुमारास आपली अनेक वर्षांची खिन्नता ओसरूं लागली, असें कोहेन यांनीं पुढें सांगितलें आहे.

आतां ही शिकवण या गीताला लावून पाहावी. सर्व कांहीं ईश्वरेच्छेनें घडत असेल आणि कर्ता कोणीच नसेल, तर अपराधाची टोंचणीहि उरत नाहीं. गीतांत ‘तुझी इच्छा’ हा भाग या दृष्टीशीं जुळतो. ‘आमची कृति’ हा भाग जुळत नाहीं, कारण तेथें टोंचणी शाबूत आहे. आपण नवा धर्म शोधीत नसून जुन्या यहुदी धर्मावरच आपलें समाधान आहे, असें ते बजावून सांगत. मुंबईच्या बैठकींत त्यांना शांति लाभली असेल. पण या गीतांतला अपराधी ‘आम्ही’ मॉन्ट्रियलच्या सभास्थानांतलाच राहिला. देवाशीं भांडण आम्हां मराठी लोकांना नवें नाहीं; जनाबाईनें विठोबाला ऐकविलेले बोल प्रसिद्ध आहेत. मात्र तें घरांतलें भांडण आहे. कोहेन यांचें भांडण न्यायासनासमोरचें आहे, आणि तेथें वादीहि दोषी आहे.

अशा या आरोपाच्या मध्यभागीं ‘हिनेनी’ हा हिब्रू शब्द येतो. ‘हा मी येथें आहें’ असा त्याचा अर्थ, आणि त्याच्यापुढेंच कवि देवाला आपली सिद्धता कळवितो. याच ठिकाणीं बहुतेकांनीं शरणागतीचा अर्थ काढला. शब्दाची जुनी ठिकाणें पाहिलीं म्हणजे तो अर्थ पुरेसा वाटत नाहीं. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायांत हा शब्द अब्राहामाच्या तोंडीं तीन वेळां येतो. पहिल्यानें देव त्याला हांक मारतो आणि पुत्राचा बळी मागतो, तेव्हां. दुसऱ्यानें वाटेवर इसहाक ‘बाबा’ म्हणून हांक मारतो, आणि लांकूड व विस्तव आहे, पण बळीचें कोंकरूं कोठें आहे, असें विचारतो, तेव्हां. तिसऱ्यानें सुरी उगारलेली असतां देवदूत वरून हांक मारून हात थांबवितो, तेव्हां. बळी मागणाऱ्याला, बळी जाणाऱ्याला आणि बळी थांबविणाऱ्याला असें तिघांनाहि अब्राहामाचें उत्तर एकच आहे. यांतलें तिसरें उत्तर मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. आज्ञा पाळावयास जो सिद्ध आहे त्यानें थांबावयासहि तितकेंच सिद्ध असावें लागतें. एरवीं हात खालीं आलाच असता.

आणखी एका ठिकाणीं हा शब्द भेटतो. यहुदी वर्षारंभाच्या आणि प्रायश्चित्ताच्या दिवशीं हझान लोकांच्या वतीनें प्रार्थना करण्यापूर्वीं स्वतःसाठीं एक प्रार्थना म्हणतो. तिचा आरंभ याच शब्दानें होतो. माझ्या पदरीं पुण्य थोडें आहे, मी भीतभीत उभा आहें, माझ्या दोषांमुळें या लोकांची प्रार्थना नाकारूं नकोस, असा तिचा भाव आहे. गीताच्या अखेरीस झेलरमायर यांचा स्वर जेव्हां तो शब्द उचलून धरतो, तेव्हां जाणत्या कानाला ही प्रार्थना ऐकूं आल्याशिवाय राहत नाहीं. म्हणजे ‘हिनेनी’ हा हार मानणाऱ्याचा शब्द नव्हे. लोकांच्या वतीनें बोलावयास उभा राहिलेला, आपली अपात्रता ओळखून असलेला, तरीहि जागा न सोडणारा मनुष्य तो शब्द उच्चारतो. आरोप करणारा आणि प्रार्थना करणारा येथें एकच आहे, आणि एकासाठीं दुसऱ्याला गप्प बसविलेलें नाहीं.

आतां तो नऊचा आंकडा. १९६९ सालच्या ‘साँग्ज फ्रॉम अ रूम’ या संग्रहांत कोहेन यांचें ‘स्टोरी ऑफ आयझॅक’ हें गीत आहे. कथा तीच, पण सांगणारा पुत्र आहे, आणि त्याचें वय कवीनें नऊ ठेवलें आहे. मूळ ग्रंथांत तें वय दिलेलें नाहीं. आपल्या नवव्या वर्षीं ज्याचे वडील गेले त्या कवीनें हा आंकडा सहज घातला असेल असें वाटत नाहीं. त्या गीताच्या उत्तरार्धांत तो मुलांचा बळी देण्यासाठीं नव्या वेदी बांधणाऱ्यांस बजावतो कीं, हें तुम्हीं करूं नये. व्हिएतनामचें युद्ध चाललें होतें तो काळ. सत्तेचाळीस वर्षांनीं त्याच कथेंतील पित्याचा शब्द कवीच्या तोंडीं आला, आणि त्या वेळीं ध्वनिमुद्रण सांभाळीत होता तो त्याचा स्वतःचा पुत्र. हत्येला परवानगी होती हें आपल्याला ठाऊक नव्हतें, अशा अर्थाचे थंड शब्द शीर्षकगीतांत आहेत. १९६९ चें गीत ज्यानें ऐकलें आहे त्याला त्यांतला उपरोध चटकन कळतो.

मधल्या गीतांपैकीं ‘ट्रीटी’ हें मला संग्रहाचें दुसरें टोंक वाटतें. शीर्षकाचा अर्थ तह. पाण्याचा द्राक्षारस करणाऱ्या येशूची आठवण आरंभीं येते, पुढें एदेनबागेंतील सर्प येतो, आणि ‘जुबिली’चा उल्लेख येतो. हल्लीं आपण जुबिली म्हणजे समारंभ समजतों. लेवीयाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत मात्र तो पन्नासाव्या वर्षाचा कायदा आहे. त्या वर्षीं दास मोकळे होतात, आणि विकलेली वतनजमीन मूळ कुळाकडे परत जाते. गीतांत त्या मुक्तीच्या दिवशीं रस्त्यावर लोक आनंदानें नाचत आहेत, आणि बोलणारा दूरच आहे. त्याला हवा आहे एक तह : तुझें प्रेम आणि माझें प्रेम यांच्यामध्यें. ‘प्रेम’ शब्दाजवळ ‘तह’ हा राजकारणांतला शब्द ठेवल्यामुळें दोन्ही प्रेमें आजवर लढत होतीं, हें न सांगतां कळतें. ही व्यक्ति प्रेयसी कीं ईश्वर, हें उघड केलेलें नाहीं. ज्या परंपरेंत ‘गीतरत्न’ हें शृंगारकाव्य धर्मग्रंथांत स्थान पावलें, तिच्या कवीला तें उघड करण्याची गरजहि नव्हती.

‘ऑन द लेव्हल’मध्यें मोहाला पाठ दाखविणारा सैतानाला सोडतो आणि देवदूतालाहि सोडतो. ‘लीव्हिंग द टेबल’मध्यें पहिल्या गीतांतला पत्त्यांचा डाव पुन्हां येतो, आणि खेळणारा मेजावरून उठतो. ‘इफ आय डिड्न्ट हॅव युअर लव्ह’ हें गोड आहे, पण इतरांच्या मानानें सोपें आहे. ‘ट्रॅव्हलिंग लाइट’ हें निरोपाचें गीत. मृत्युपत्राचा अर्थ ज्यांना लावावयाचा असेल त्यांनीं तो येथें खुशाल लावावा.

‘इट सीम्ड द बेटर वे’ मात्र असें भरभर ओलांडण्यासारखें नाहीं. एका गालावर मारणाऱ्याला दुसरा गाल पुढें करावा, ही येशूची शिकवण कवीला एकेकाळीं खरी वाटली होती. आज ती खरी राहिलेली दिसत नाहीं. तरीहि तो रक्ताचा पेला उचलून भोजनापूर्वींची प्रार्थना म्हणूं पाहतो. यांत येशूची थट्टा आहे असें कोणी म्हटल्यास मला तें मान्य होणार नाहीं. १९६७ च्या पहिल्या संग्रहांतील ‘सुझॅन’पासून येशूची मूर्ति या यहुदी कवीच्या मनांत घर करून होती. येथें ऐकूं येतो तो शोक आहे, आणि त्या शोकामागें यहुदी सभास्थानाचाच वृंद गात आहे. ही योजना मोठी अर्थपूर्ण आहे.

त्यानंतरचें ‘स्टिअर युअर वे’ हें गीत देवळाच्या भग्न वेदीजवळून आणि मोठ्या बाजारपेठेच्या भग्नावशेषांजवळून सारखीच वाट काढावयास सांगतें. ज्युलिया वॉर्ड हाउ यांचें अमेरिकन यादवीच्या काळांतील, १८६२ सालीं छापून आलेलें, प्रसिद्ध रणगीत ख्रिस्ताच्या बलिदानावरून सैनिकांना स्वातंत्र्यासाठीं मरावयास सांगतें. कोहेन त्याच वाक्याचा सांचा घेऊन स्वातंत्र्याच्या जागीं मालाची स्वस्ताई बसवितात. बळी अजून दिले जात आहेत. फक्त देवता बदलली आहे. १९६९ मध्यें वेदी बांधणाऱ्यांना विचारलेला जाब येथें पुन्हां विचारलेला आहे.

मृत्यूविषयीं खुद्द कवीचें म्हणणें काय होतें? ऑक्टोबर २०१६ मध्यें ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकांत आलेल्या मुलाखतींत आपण मरणास तयार आहोंत असें ते बोलून गेले. थोड्याच दिवसांनीं लॉस एंजेलिस येथें पत्रकारांसमोर त्यांनीं तें हंसण्यावारीं नेलें. आपण अतिशयोक्ति केली, आपला बेत कायम जगण्याचा आहे, असें त्यांनीं सांगितलें. या दोहोंपैकीं एकच विधान धरून गीतांचा अर्थ लावणें म्हणजे साक्षीदाराचा अर्धा जबाब वाचण्यासारखें आहे. त्यापेक्षां गीतांचा क्रम अधिक विश्वासार्ह आहे. शरणागति हाच संग्रहाचा हेतु असता तर ‘हिनेनी’ शेवटीं आलें असतें. तें पहिल्याच गीतांत येऊन जातें. शेवटीं, नवव्या स्थानावर, आहे ती ‘ट्रीटी’ची तंतुवाद्यांवरील पुनरावृत्ति. बराच वेळ केवळ वाद्यें वाजतात, आणि अनेकजण येथेंच ऐकणें थांबवितात. पण अखेरीस तो वृद्ध आवाज पुन्हां येतो, आणि तह व्हावयास हवा होता ही आपली इच्छा थोड्याच शब्दांत बोलून दाखवितो. तह झालेला नाहीं. दोन्ही पक्ष समोरासमोर आहेत, आणि त्यांतील एकानेंहि दुसऱ्याचें प्रेम नाकारलेलें नाहीं.

कोहेन यांचें दफन मॉन्ट्रियल येथें शआर हशोमायिमच्याच दफनभूमींत झालें. त्यांच्या मागें राहिलेल्या ध्वनिमुद्रणांतून ॲडम यांनीं २०१९ सालीं ‘थँक्स फॉर द डान्स’ हा आणखी एक संग्रह पुरा केला. त्याची प्रकृति निराळी आहे, आणि त्याविषयीं बोलावयास आज वेळहि उरलेला नाहीं.